दौलतरावांच्या घरची तांब्याची नळी

यंत्रांमुळे माणसाची प्रगती झाली असं शाळेत शिकवतात. ते अर्धंच खरं आहे. यंत्रं येतात, चार दिवस गुरगुरतात आणि जळून जातात. मागे राहते ती नळी. नवं यंत्र आणून जुन्या नळीला जोडणं याला जाणकार लोक सुधारणा म्हणतात, आणि नळीसकट सगळं बदलणं याला उधळपट्टी. हे तत्त्व आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी पाळलं जातं. पण बदलापूर गावातल्या दौलतरावांच्या घरी ते ज्या निष्ठेनं पाळलं गेलं, त्याला तोड नाही.

दौलतरावांची थोरली सून शालन हिचं या बाबतीतलं मत सुरुवातीला वेगळं होतं. ते पुढे सुधारलं. कसं सुधारलं, तेवढंच इथे सांगायचं आहे.

शालन या घरात येण्याच्या पाचसहा वर्षं आधी, म्हणजे शहाऐंशी सालाच्या सुमारास, दौलतरावांच्या रस्त्यालगतच्या शेतावर बिल्डरची पाटी लागली आणि घरात एसी आला. गावातला तो पहिलाच. खिडकीत बसवतात तसला नव्हे, दोन तुकड्यांचा. एक तुकडा खोलीत टांगायचा, तो गार हवा सोडणार. दुसरा घराबाहेर ठेवायचा, तो गरम हवा सोडणार आणि आवाज करणार. दोघांच्या मधे गॅस वाहून नेणारी तांब्याची नळी. (नळ्या खरं म्हणजे दोन असतात, एक जाड आणि एक बारीक. पण घरात बारकीला कुणी मोजत नसे.)

थंडावा हवा होता मागच्या खोलीत. तेव्हा बाहेरचा तुकडा मागच्या भिंतीला टांगला असता तर हातभर नळीत काम भागलं असतं. परंतु मागे फक्त गोठा होता, आणि म्हशींना एसीचं कौतुक नव्हतं. घरात थंडावा आहे हे गावाला कळणार नसेल तर तो थंडावा घेऊन करायचं काय, हा दौलतरावांचा प्रश्न बिनतोड होता. त्यामुळे बाहेरचा तुकडा पुढे ओटीवर, रस्त्याकडे तोंड करून, अगदी पाहुण्यासारखा बसवण्यात आला. साहजिकच नळीला ओटीपासून माजघर, माजघरातून देवघराच्या अंगानं स्वयंपाकघर आणि तिथून मागची खोली असा सगळ्या घराचा प्रवास घडला.

आता एवढ्या भिंती ओलांडायच्या तर भोकं पाडणं आलं. दौलतरावांचे वडील आण्णा हे घरातले कर्ते. त्यांनी देवीला कौल लावला. देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारून बसायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. 'भिंतींना भोकं पाडू का?' या प्रश्नाला डावी पाकळी पडली. (वर पंखा चालू होता, आणि तो डावीकडे जास्त लागे. पण देवीसमोर पंखा बंद करणं बरं दिसत नाही.) भिंती वाचल्या आणि नळीनं दारांमधून जावं असं ठरलं. पुढच्या दारावर झरोका होता, तिथून ती आत शिरली. मधल्या चौकटींना दारंच नव्हती. राहता राहिलं मागच्या खोलीचं दार. ते सागाचं, भक्कम, झरोक्याबिगर. तिथे नळी दार आणि चौकट यांच्या मधून काढली, आणि त्या दिवसापासून ते दार वीतभर उघडं राहू लागलं.

नळीवर सुरुवातीला काळ्या फोमचं आवरण होतं. त्यातलं थोडं उंदरांनी नेलं. उरलेलं कौसाबाईंनी, म्हणजे दौलतरावांच्या पत्नीनं, सोलून काढलं आणि डोक्यावर हंडा घ्यायला त्याच्या चुंबळी केल्या. अशा चुंबळी साऱ्या आळीत कुणाकडे नव्हत्या. नळी उघडी पडली, तिला घाम फुटू लागला आणि मग तिचे खरे उपयोग लोकांच्या ध्यानात आले.

ओटीवरच्या भागावर आण्णांची वहिवाट होती. दुपारी एसी लावला की ते आपलं टक्कल नळीला टेकवून बसत आणि संध्याकाळपर्यंत जगाविषयी त्यांचं मत चांगलं असे. माजघरातल्या वळणाला कौसाबाई दुधाचं पातेलं टांगत. मे महिन्यातसुद्धा ते नासत नसे. देवघरापाशी थेंब गळत, ते घागरीत धरून तुळशीला घातले जात. स्वयंपाकघरातला भाग सरळ असल्यामुळे एसी बंद असताना त्यावर लुगडी, धोतरं आणि पापडांची फडकी वाळत. खुद्द दौलतरावांनी नळीचा कुठलाही तुकडा अडवला नव्हता. ते फक्त येणाऱ्या पाहुण्याला ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवीत. पार हेंद्रेपाड्यापासून माणसं येत.

एवढ्यांची सेवा करून थंडावा मागच्या खोलीत पोचेपर्यंत त्याचं जे होई, ते सरकारी योजनेचं शेवटच्या माणसापर्यंत पोचताना होतं. म्हणजे पंखा फिरे, दिवा लागे, यंत्र चालू असल्याची खात्री पटे.

लग्न ठरवायला शालनच्या माहेरची माणसं आली तेव्हा त्यांना हा एसी दाखवला होता. ती अंबरनाथची. वडील कारखान्यात, घर दोन खोल्यांचं, माणसं सात. पण त्या दोन खोल्यांच्या मधल्या दाराला कडी होती, आणि कडी लावली की पलीकडचं जग पलीकडे राही. मोठ्या घरात गेलं की अशी दारं पुष्कळ असतील, असा तिचा समज होता. माहेरच्यांनी एसी पाहिला, म्हशी पाहिल्या, ओटी पाहिली. दार पाहायचं राहून गेलं.

लग्नानंतर पहिल्यांदाच दार लावायला गेली तेव्हा तांब्यावर 'ठण्' आवाज झाला आणि स्वयंपाकघरातून कौसाबाई म्हणाल्या, "हलू गं. नळी हाय तिथं."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. भगवंत म्हणाला, "ते तसंच असतं."

भगवंत हा वाईट माणूस नव्हता. तो फक्त लहानपणापासून या घरात होता. शालननं हळू आवाजात, अगदी त्याच्या कानाशी म्हणावं, "रविवारी कल्याणला सिनेमाला जाऊ या का?" आणि फटीतून उत्तर यावं, "रविवारी वांगणीला बारसं हाय." तिनं रुसावं, तर रुसण्याचं कारण ओटीवर आण्णांना तिच्या आधी माहीत असावं. एकदा तिनं नवऱ्याला लाडानं नुसतं 'अहो' म्हटलं, त्याला दौलतराव आणि भगवंत अशा दोघांनी 'ओ' दिली. तिनं पडदा लावून पाहिला. पडदा डोळ्यांना अडवतो. आवाजाच्या बाबतीत त्याला अधिकार नसतात.

म्हणून पंच्याण्णव सालच्या मे महिन्यात ओटीवरचं यंत्र एक मोठा उचका देऊन जळालं, तेव्हा सगळं घर हळहळलं आणि शालन स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता गाणं म्हणायला लागली. मग भान येऊन तिनं चेहरा सुतकी केला. तिचा हिशेब सरळ होता. नवं यंत्र येईल, ते मागच्या भिंतीला लागेल, हातभर नळी पुरेल आणि दार लागेल. तिला थंडाव्याची फिकीर नव्हती. तिला कडी हवी होती. उकाड्यात घामाघूम होऊन का होईना, पण आपल्या नवऱ्याशी चार शब्द असे बोलायचे होते, ज्यांना स्वयंपाकघरातून उत्तर येणार नाही.

"तुम्ही मामंजींशी बोला," ती भगवंताला म्हणाली.

"बघू. बोलतो," भगवंत म्हणाला. या दोन शब्दांचा अर्थ लग्नाला दोनतीन वर्षं झालेल्या कुठल्याही बाईला सांगावा लागत नाही.

नव्या यंत्रासाठी उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातून टेकचंद नावाचे दुकानदार स्वतः आले. त्यांच्याकडे उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम हवा देणारं, अगदी नव्या पद्धतीचं यंत्र होतं. एकाच नळीतून गॅस उलटा फिरवायचा की झालं. दौलतरावांना ते ऐकताक्षणी आवडलं, कारण असं यंत्र अख्ख्या बदलापुरात कुणाकडे नव्हतं आणि बदलापुरात त्याची कुणाला गरजही नव्हती.

टेकचंदांनी ओटीपासून मागच्या खोलीपर्यंत नळी पाहिली. त्यांनी तिच्यावरचं लुगडं बाजूला केलं, पातेल्याखालून वाकून गेले आणि परत ओटीवर येऊन म्हणाले, "सेठ, पुराना मशीन जल गया ना, उसका काला तेल सगळा पाइपमें हाय. ये पाइप रखोगे तो नया भी जलेगा. नवीन पाइप टाकायला पाहिजे. छोटा, पीछे से."

घरातलं कुणी गेल्याची बातमी यावी तसे सगळे नळीभोवती गोळा झाले.

आण्णांनी टक्कल नळीवरून उचललं. "जळला काय? मशीन का नळी?"

"मशीन."

"नळीला भोक पडलं? वाकली? गंजली?"

"नाय. तांबा तो एकदम मजबूत हाय."

"मंग ज्याचा गुन्हा त्याला घरातून कारा. नळीनं कोनाचं काय वाकरं केलंय?"

न्यायालयात याहून स्वच्छ निकाल लागत नाहीत. त्यावर कौसाबाईंनी आतून एवढंच विचारलं, "आन दूध कुठं टांगू?" टेकचंदांनी चाळीस वर्षं धंदा केला होता. गिऱ्हाईक काय ऐकायला बसलं आहे ते त्यांना कळलं आणि ते नळीवर हात फिरवत म्हणाले, "वैसे साईं, असा तांबा आता बनत पण नाय."

तेव्हा एक अघटित घडलं. स्वयंपाकघराच्या चौकटीशी, पदर सावरून, शालन बोलली. वडीलधाऱ्यांसमोर आपण होऊन बोलण्याची तिची ही पहिलीच वेळ. "मामंजी, मागच्या भिंतीला लावलं तर हातभर नळीत होईल. आणि मग... खोलीचं दार लागेल."

 ओटीवर सगळे तिच्याकडे पाहत राहिले. भगवंत आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होता.

दौलतराव रागावले नाहीत. सुनेवर आवाज चढवणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांनी समजुतीच्या सुरात विचारलं, "पोरी, आपले घरान चोरी झाली हाय कधी?"

"नाही."

"मंग दार कोनासाठी लावायचा?"

याला उत्तर होतं. पण ते सासऱ्यासमोर देण्यासारखं नव्हतं, आणि नवऱ्यासमोर द्यायला दार उघडं होतं. प्रकरण देवीकडे गेलं. 'जुनी नळी ठेवू का?' या प्रश्नावर त्या दिवशी एकही पाकळी पडली नाही. (वीज गेली होती.) पुष्कळ वेळ वाट पाहून आण्णांनी निर्णय सांगितला की देवी बोलत नाही याचा अर्थ चाललंय ते बरं चाललंय. शालननं पाकळ्यांकडे अशा नजरेनं पाहिलं, की भगवंतानं तिला आत पाठवलं.

टेकचंदांच्या माणसांनी नळी साफ केली. म्हणजे एका टोकाला सायकलचा पंप लावून हवा मारली. दुसऱ्या टोकातून बरंच काळं तेल आलं. कौसाबाईंनी ते वाया जाऊ न देता बाटलीत भरलं आणि मागच्या खोलीच्या दाराच्या बिजागऱ्यांना घातलं. दार पूर्वी कुरकुरत उघडं राही, ते आता आवाज न करता उघडं राहू लागलं. सुनेच्या मागणीची दखल घेतल्याचं समाधान सर्वांना मिळालं.

पण शालननं हाय खाल्ली नव्हती. डिसेंबरात बदलापुरला थंडी पडते. मुंबईकरांना खोटी वाटेल, पण पडते. एका दुपारी तिनं मागच्या खोलीत जाऊन यंत्राचं 'गरम' असं बटण दाबलं. तिचा बेत पक्का होता. नळी तापली की दूध नासेल, आण्णांच्या टकलाला चटका बसेल, लुगड्यांना डाग पडतील, आणि मग हीच माणसं नळी उपटून गोठ्यात फेकतील. तिला आण्णांच्या टकलाचं थोडं वाईट वाटलं. ते वाटून घेऊन तिनं बटण दाबून धरलं.

नळी तापली. ओटीवर आण्णा "आयो" म्हणून उठले. शालन श्वास रोखून वाट पाहत राहिली. थोड्या वेळानं ओटीवरून काहीच ऐकू येईना, म्हणून ती डोकावली, तर आण्णांनी नळीवर घडी केलेला पंचा टाकला होता आणि त्यावर आपला उजवा गुडघा टेकवला होता. तो गुडघा वैद्य, डॉक्टर आणि मांत्रिक या तिघांना पुरून उरला होता. आण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं. कौसाबाईंचं दूध नासलं नाही. त्यांनी त्या दिवशी विरजण लावलं होतं, आणि थंडीत कधी न लागणारं दही सुरीनं कापावं इतकं घट्ट लागलं. लुगडी निम्म्या वेळात वाळली. दौलतरावांनी माणसं पाठवून गावात निरोप धाडला.

"कोनी लावला गरम?" आण्णांनी विचारलं.

"वहिनीनं," असं भगवंताचा धाकटा भाऊ नाथा म्हणाला, आणि सारं घर शालनच्या कौतुकाला लागलं. आतापर्यंत नळी सहा महिने उपयोगाची होती. सुनेनं ती बारमाही केली. या कामगिरीबद्दल स्वयंपाकघराच्या चौकटीपासून मागच्या खोलीपर्यंतचा नळीचा भाग समारंभपूर्वक शालनच्या नावे करण्यात आला. त्यावर तिनं काहीही वाळवावं, कौसाबाई हरकत घेणार नाहीत. शालन मागच्या खोलीत जाऊन रडली. दार लागत नसल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं, आणि ते आनंदाश्रू आहेत यावर एकमत झालं.

त्यानंतर सव्वा वर्षानं तिला मुलगी झाली. (दार न लागता हे कसं झालं, याची कुणी चौकशी केली नाही. आधीच्या मे महिन्यात वांगणीला आठवडाभर लग्न होतं आणि या दोघांनी घर राखलं होतं.) मुलगी माहेरून आली ती ऐन जुलैत. बदलापूरच्या जुलैमध्ये काय वाळतं याची कल्पना ज्यांनी तिथे लंगोट वाळत घातले आहेत त्यांनाच येईल. दोरीवर टाकलेला लंगोट संध्याकाळी जास्त ओला निघतो. मुलीच्या अंगावर चट्टे उठले. शालननं दोन दिवस सहन केलं, मग उठून मागच्या खोलीत गेली आणि भर पावसाळ्यात तिनं 'गरम'चं बटण दाबलं.

तिच्या वाट्याच्या नळीवर लंगोट पापडासारखे वाळले. मुलीचे चट्टे गेले. शालननं त्या संध्याकाळी नळीवरून हात फिरवला, आणि तिला ती पहिल्यांदा आपली वाटली. यात हसण्यासारखं काही नाही. लेकराचं अंग कोरडं झालं की आईला कशाचीही माया येते.

मात्र यंत्र नळी तापवतं तेव्हा खोलीही तापवतं. जुलैत मागच्या खोलीत पाय ठेववेना. तिघं माजघरात झोपू लागली, इतर सगळ्यांच्या ओळीत. खोलीत आता रात्रंदिवस लंगोट तेवढे राहत. आणि त्यांच्या बाबतीत दार फारच आडवं येई. त्याची कड नळीला घासे, वाळलेले कपडे त्यात अडकत. एके दिवशी जेवताना एक आवाज म्हणाला, "ज्या खोलीत कुणी झोपत नाही तिला दार कशाला? काढून टाकू या. नळीला मोकळीक मिळेल."

आण्णांनी घास थांबवून मान डोलावली. दौलतराव म्हणाले, "आता कशी घरातली मानूस बोलली." सूचना शालनची होती.

दार निघालं. विटांवर आडवं टाकून त्याचा ओटीवर बाक झाला, आणि भगवंत दुपारी त्यावर झोपू लागला. पुढे ते गरम-गार यंत्रही जळालं. टेकचंदांनी दुसरं आणलं, ते जळालं, त्यांनी तिसरं आणलं. काळ्या तेलाचा उल्लेख आता ते करत नसत. एवढी यंत्रं जळाली आणि नळी एकदाही जळली नाही, ही तुलना दौलतराव पाहुण्यांना करून दाखवीत. पाहुण्यांनाही ती पटे.

नव्वदचं दशक संपता संपता धाकट्या नाथाचं लग्न झालं. वांगणीची विठा सून म्हणून आली. नव्या जोडप्याला मागची खोली देण्यात आली आणि वाळणारे कपडे तात्पुरते स्वयंपाकघरात हलले. दुसऱ्या दिवशी सकाळी विठा शालनपाशी येऊन बसली. बराच वेळ नखानं जमीन उकरून ती अगदी हळू म्हणाली, "जाऊबाई, खोलीला दार नाय काय?"

शालननं हातातली कपड्यांची घडी थांबवली. विठाच्या चेहऱ्यावरून तिची नजर ओटीवरच्या बाकाकडे गेली. मग स्वयंपाकघरातून कौसाबाईंनी कान दिल्याचं तिला जाणवलं, आणि ती मोठ्या मायेनं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सवय होते गं. जुनं तांबं आहे. असं आता मिळत नाही."

वाचक इथवर हसत आले असतील तर त्यात गैर नाही. मात्र हसून झाल्यावर एकदा आपल्या घरातून फिरून यावं, आणि कोणतं दार किती वर्षं पुरतं लागलेलं नाही ते पाहावं. असं एखादं सापडलं तर अजून वेळ गेलेली नाही. आणि सगळी दारं नीट लागतात असं आढळलं, तर न लागणारं आपलं दार कधीच काढून नेलेलं आहे, आणि ती सूचना बहुतेक आपलीच होती.